सोवळ्यातलं पाणी

आमच्या आजोबांची पूजा तासभर चालायची, आणि त्या तासाभरात घरात कुठे काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसायचं. 'केशवाय नमः' म्हणून पळीभर पाणी तोंडात गेलं की मागोमाग "दूध उतू चाललंय". 'नारायणाय नमः' झालं की "फाटक वाजलं, टपाल आलं वाटतं". सूर तोच, मंत्राचा. नव्या माणसाला वाटावं, पुरुषसूक्तात दुधावरही एक ऋचा आहे. आम्ही नातवंडं ओसरीवर पोट धरून हसायचो. आजी मात्र हसायची नाही. म्हणायची, "देवाला सवय आहे रे त्यांची."

देवघर स्वयंपाकघरातच होतं. शाळिग्राम, बाण, रांगणारा बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि एक कान तुटलेला पितळी नंदी. सहाणेवर चंदनाचं खोड फिरायला लागलं की जो खरखर आवाज यायचा, तो मला अजूनही अर्धवट झोपेत ऐकू येतो. देवांना ताम्हनात अंघोळ, मग पंचाने पुसणं. बाळकृष्णाच्या गुडघ्यामागच्या खाचेत पाणी राहतं म्हणून पंचाचं टोक पिळून, वातीसारखं करून त्या खाचेत फिरवायचं. बेल पालथा वाहायचा. हे सगळं आजोबा न बघता करायचे. डोळे खिडकीबाहेर, कान फाटकाकडे आणि हात देवांत.

कॉलेजात गेल्यावर मी हा सगळा प्रकार एका वाक्यात निकालात काढला: भाव हवा, भांडी कशाला? वाक्य मला फार आवडलं होतं. त्या वयात अनुप्रास जुळला की विचारही खरा वाटतो. तुकोबांचं "नाही निर्मळ जीवन, काय करील साबण" मी येता-जाता तोंडावर फेकायचो. पुष्कळ जण म्हणतात तसं मीही 'नाही निर्मळ मन' म्हणायचो. तिथे शब्द 'जीवन' आहे आणि जीवन म्हणजे पाणी, हे मला आजोबांनीच सांगितलं. पाणीच स्वच्छ नसेल तर साबण काय करणार, असं साधं धोब्याच्या घाटावरचं ते बोलणं आहे. चूक दुरुस्त करून ते पुन्हा गंध उगाळायला लागले. आपल्याला टोमणा मारलाय हे त्यांना कळलं नव्हतं, की कळूनही त्यांनी आधी पाठ दुरुस्त केला, कोण जाणे.

पण माझा राग त्या वाक्यापेक्षा जुना होता, आणि तो विचारातून आलेला नव्हता.

मी पाचवीत होतो. एप्रिलातली सकाळची शाळा. सुटून घरी यायला अकरा वाजायचे, ऊन डोक्यावर. बरोबर वर्गातला मित्र होता. त्याचं घर अजून बरंच पुढे. ओसरीवरचा माठ रिकामा होता. मीच म्हणालो, "आत आहे बघ पाणी."

आत तिवईवर तांब्याची घागर असायची. आजोबा पहाटे अंघोळ करून ओलेत्याने आडाचं पाणी शेंदून ती भरायचे. ते सोवळ्यातलं पाणी: पूजेला आणि नैवेद्याच्या स्वयंपाकाला. नैवेद्य होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही, हे मला माहीत होतं. मित्राला माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने फुलपात्र बुडवलं.

आणि आजोबांचा मंत्र थांबला. दुधाला, टपालाला, मांजराला जो कधी थांबला नव्हता, तो थांबला. त्यांनी वळून बघितलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "आडनाव काय रे बाळ तुझं?"

त्याने सांगितलं.

"बरं बरं. पी, पी."

तो पाणी पिऊन ओसरीवर आला. मग आजोबा उठले, घागर उचलून न्हाणीत नेली आणि मोरीत ओतली. पुन्हा अंघोळ, चिंच लावून घागर घासणं, पुन्हा आडावर, पुन्हा पहिल्यापासून पूजा. ते कुणावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेक वर्षं वाटत राहिलं. भरलेली घागर ओतताना आवाज मोठा होतो, आणि घागरीचं तोंड लहान असल्यामुळे तो लवकर संपत नाही. मित्र आणि मी ओसरीवर बसून तो पूर्ण ऐकला. मग तो म्हणाला, "जातो." चप्पल घालून गेला.

संध्याकाळी मी आजीशी भांडलो. ती म्हणाली, "अरे, तू शिवला असतास तरी ओतलंच असतं. सोवळं म्हणजे सोवळं. त्यात माणूस बघत नाहीत." खरं तर हा बचाव चांगला आहे. नियम सगळ्यांना सारखा असेल तर तो निदान अपमान नसतो. पण त्याच उन्हाळ्यात मी त्या घागरीला किमान चारदा तरी शिवलो होतो. दरवेळी "शिवलास का रे गाढवा!" एवढी आरोळी यायची, घागरीत तुळशीचं पान पडायचं आणि तेच पाणी वापरलं जायचं. नियमात तुळशीच्या पानाएवढी फट होती आणि ती आडनावावर उघडत होती.

आता गाढवाची गोष्ट. त्याच रात्री आजोबांनी ती सांगितली असं लिहिलं तर लेख फारच जुळून येईल, पण तसं मला आठवत नाही. त्या उन्हाळ्यात गच्चीवर कधीतरी सांगितली, एवढं नक्की. एकनाथ महाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेत. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडतंय. बरोबरचे यात्रेकरू बाजूने निघून जातात. नाथ कावड उतरवतात आणि गंगा गाढवाच्या तोंडात ओततात. ती रामेश्वराला पोचली, म्हणतात. हे सांगताना आजोबांचा गळा दाटायचा. उपरण्याने डोळे पुसायचे. पुढे ते नाथांच्या घरचं श्राद्ध सांगायचे: पितरांसाठी रांधलेलं अन्न नाथांनी दारातून जाणाऱ्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढलं आणि पैठणचे ब्रह्मवृंद खवळले. त्या ब्रह्मवृंदांवर तर आजोबा मनापासून चिडायचे. "मूर्ख लेकाचे," म्हणायचे.

मी पुढे या गोष्टीचा निकाल 'ढोंग' असा लावला. तरुणपणी तो शब्द पटकन सापडतो. आता लावत नाही. ढोंग करणारा माणूस अंधारात, गच्चीवर, तीन पोरांसमोर रडत नाही. ते अश्रू खरे होते आणि घागर ओतणारे हातही खरे होते. मला न उमगणारी गोष्ट नेमकी हीच आहे. बाहेरचा आचार पोकळ असू शकतो, हे आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो. पण आतला भाव? तो तर आजोबांकडे भरपूर होता. गाढवासाठी होता, चारशे वर्षांपूर्वीच्या अस्पृश्यांसाठी होता. एकनाथ १५९९ साली गेले. इतक्या लांबच्या माणसाबद्दल कळवळा वाटणं सोपं जातं आणि त्या कळवळ्याने स्वतःचं मन स्वच्छ झाल्यासारखंही वाटतं, जवळजवळ अंघोळ केल्यासारखं.

पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक प्यायले. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळं शुद्ध करून घेतलं: १०८ घागरी, पंचगव्य, मंत्र. आजोबा तेव्हा पंधरा वर्षांचे असतील. ते महाडचे नव्हते, पण घागरीचं काय करायचं हे त्यांनी कुठल्या पोथीत वाचलं नव्हतं. ते हवेतूनच शिकले होते.

तर हे असं. यावरून मी आचाराच्या विरोधात गेलो आणि बरीच वर्षं तिथेच राहिलो. तिथून थोडा हललो तो त्यांच्या आजारपणात.

१९९० च्या आसपास त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं चिखलात रुतल्यासारखं झालं. बाबांची फिरतीची नोकरी, म्हणून मी सुट्टीवर घरी असलो की पूजा माझ्याकडे. त्यांना खुर्चीत बसवून देवघरासमोर आणायचं आणि मी भराभर उरकायचो. मी बाळकृष्णाला पुसून ठेवला की ते घशातून आवाज काढायचे. मला कळायचं नाही. मग डाव्या हाताने स्वतःचा गुडघा दाखवायचे. खाच राहिली.

एक दिवस ते फार अस्वस्थ होते. हात उचलू बघत होते आणि तो उचलला जात नव्हता. मी म्हणालो, "आजोबा, मानसपूजा करा ना. शास्त्रातच सांगितलीय. मनातल्या मनात गंध लावा, फुलं वाहा." मला खरोखरच वाटलं होतं, आता तरी यांना भाव आणि भांडी यांतला फरक कळेल. भांडी गेली, आता भाव तेवढा उरला.

ते बराच वेळ शब्द जमवत राहिले. आईला त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा बरं कळायचं. तिने सांगितलं, "म्हणतायत, मन पळतं. हाताला धरून बसवावं लागतं."

तासभर हात देवांत ठेवून मंत्राच्या सुरात दूध आणि टपाल सांगणाऱ्या माणसाने हे म्हणावं! मन पळतं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. रोज तासभर ते त्याचा पाठलाग करत होते आणि हात ही त्यांनी खुंटीला बांधलेली दोरी होती. मन खिडकीतून जाऊन फाटकावर टपाल बघून परत यायचं, कारण हात अजून बाळकृष्णाच्या गुडघ्याशी होते. गीतेत अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. कृष्ण ते नाकारत नाही. आवरेल म्हणतो, अभ्यासाने आणि वैराग्याने. आणि अभ्यास म्हणजे तरी काय, तीच गोष्ट उद्या पुन्हा करणं. नवव्या अध्यायातला 'पत्रं पुष्पं फलं तोयं' हा श्लोक मी कॉलेजात वादासाठी वापरायचो: बघा, देव फक्त भक्ती मागतो. पण तो पान मागतो, फूल मागतो, फळ मागतो, पाणी मागतो. स्वस्तातलं मागतो एवढंच. नुसत्या भक्तीवर भागलं असतं तर पानाचं नावही निघालं नसतं.

वारकऱ्यांकडे या नजरेने बघितलं तेव्हा माझी आणखी एक समजूत सुटली. कर्मकांडावर सर्वांत बोचरं बोलले ते संत, आणि त्यांच्या मागे चालणाऱ्यांचा आचार किती कडक! गळ्यात तुळशीची माळ, ती घातली की मांस-मद्य बंद. एकादशी मोडायची नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर पायी, पावसात, डोक्यावर तुळशीवृंदावन. पाय ही काही आतली वस्तू नव्हे. आतल्या भावावर भागणार असतं तर सगळ्यांनी घरी बसून डोळे मिटले असते. संतांनी आचार टाकला नाही, बदलला. ज्याला पैसा लागतो, पुरोहित लागतो, संस्कृत लागतं, जन्म लागतो, तो बाजूला सारला. आणि जो दळताना जनाबाईला, माती तुडवताना गोरोबांना, मळ्यात सावतोबांना जमेल, तो पुढे आणला. गाडगेबाबा (१८७६–१९५६) पंढरीला येत ते खराटा घेऊन. वाळवंट झाडत, कीर्तन करत आणि विठ्ठलाच्या दर्शनाला देवळात जात नसत. ही आंतरिक भक्ती म्हणायची की बाह्य? खराट्याइतकं बाह्य दुसरं काय असतं?

मग बाजू बदलून मी आजोबांच्या बाजूला गेलो, असं समजू नका. घागर आहेच.

'देव मनात असतो' हे वाक्य आता मी जपून वापरतो, कारण ते कोण कुठे उभं राहून म्हणतंय यावर त्याचा अर्थ ठरतो. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. "ऊस डोंगा परी रस नव्हे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा" हे त्यांनी पायरीच्या बाहेर राहून म्हटलं. वरलिया रंगाला भुललेले लोक आत होते. मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना ते भिंतीखाली गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या, त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. सातशे वर्षं आपण त्या अभंगाचं रसग्रहण करतो, ऊस आणि रस या दृष्टान्ताला माना डोलावतो. पण तो अभंग मुळात दारावरची तक्रार आहे. अंतरातला भाव त्यांना कुणी निवडायला लावला नव्हता, तेवढंच त्यांच्या वाट्याला ठेवलं होतं. आणि मे १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं असताना, त्याच देवळाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. तेव्हाही आतल्या कुणाला म्हणता आलं असतं, कशाला हवंय देऊळ, देव तर अंतरात असतो. आत उभं असलेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य म्हणजे दाराची कडी. दार उघडल्यावर काय झालं, तेही सांगतात: हरिजन आत येण्याआधी मूर्तीतलं तेज मंत्रांनी काढून एका घागरीतल्या पाण्यात ठेवण्यात आलं.

पुन्हा घागर. मी नाही आणली, ती तिथे होतीच.

आजोबा १९९२ ला गेले. पूजा आता माझ्याकडे आहे. घर नवीन बांधलं, आड बुजवला, देवघर फर्निचरवाल्याकडून करून घेतलेलं, आत एलईडीचा दिवा. मी पाच मिनिटांत आवरतो. मनात कामाच्या फोनची यादी चालू असते. बाळकृष्णाची खाच मात्र पुसतो, पंचाचं टोक पिळून. त्या दोन सेकंदांत मन कुठे गेलेलं नसतं, हे माझ्या अलीकडेच लक्षात आलं. त्याला भक्ती म्हणावं असं मला वाटत नाही. दुसरा शब्दही सापडलेला नाही. घागर माझ्या बायकोने घासून दिवाणखान्यात ठेवलीय, शोभेला. तिच्यात वाळक्या गवताची तुरेदार पाती असतात.

तो मित्र पुढेही मित्रच राहिला. पण घरात कधी आला नाही. फाटकापाशी सायकल टेकवून हाक मारायचा, मी बाहेर जायचो. आजोबा गेले त्या दिवशीही आला. फाटकाशी उभा राहिला, तिरडी निघाली तेव्हा चार पावलं बरोबर चालला. त्या एप्रिलबद्दल आम्ही एक अक्षर कधी बोललो नाही. माठ रिकामा होता म्हणून मीच त्याला आत पाठवलं होतं, हे त्याला आठवतं का, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी आषाढी झाल्यावर आठवड्याभराने फाटकावर हाक आली. उन्हाने काळवंडला होता, गळ्यात माळ. आई होती तोवर तिच्याबरोबर जायचा, आता तिच्या जागी एकटा जातो.

"दर्शन कसं झालं?"

"कळस बघितला."

"आत नाही गेलास?"

"दरवर्षी कळसच बघतो. आईपण तेच करायची. नामदेव पायरीला हात लावायचा, चोखोबाला हात जोडायचे, कळस बघायचा की परतीची एसटी."

"अरे, पण एवढं अठरा-वीस दिवस चालून…"

"बारीत दिवस-दिवस उभं राहायचं, आणि तिथे दोन सेकंदात पुढे ढकलतात," तो हसला. "कळस काय वेगळा असतो का?"

असंख्य वारकरी कळसाचं दर्शन घेऊनच परततात, ही रीतच आहे. मला ते ठाऊक होतं. तरी मला विचारायचं होतं की तू बाहेरून परततोस ते कुठल्या कारणाने, आणि केव्हापासून. चाळीसहून जास्त वर्षं विचारायचं राहिलेलं ते तेव्हाही राहिलं. मी म्हणालो, "आत ये, चहा घे," जे मी नेहमी म्हणतो. तो म्हणाला, "नको, बाहेरच बरंय," जे तो नेहमी म्हणतो. मग मान पुसत म्हणाला, "पाणी दे थोडं."

मी आत गेलो. फिल्टरचं पाणी तांब्यात भरून आणलं. त्याने तांब्या उंच धरला, मान मागे टाकली आणि वरूनच प्यायला, तोंड न लावता.

पुष्कळ लोक तसंच पितात.